एक दावा, दोन नोंदी

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा नांवाचें गोंडांचें एक लहानसें गांव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं त्याला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा दाव्याच्या पुराव्यांत ग्रामसभेचा ठराव, नकाशा, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब असे कागद येतात. हे कागद आज संगणकावरून दूरच्या कचेरींत धाडावयाचे झाल्यास काय घडतें, तें पाहूं.

आंतरजालावरील प्रत्येक विनंतीच्या आरंभीं एक आज्ञा असते. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या मूळ पद्धतींत आज्ञा एकच होती : ‘गेट’, म्हणजे ‘दे’. ती नुसतें मागते. मागण्यानें पलीकडची नोंद बदलूं नये असा नियम आहे. परंतु ओझें वाहणें हें तिचें काम नव्हे. अर्जाचें पान रचणारा आज्ञा लिहावयास विसरला, तर ब्राउझर ‘गेट’च गृहीत धरतो आणि फाइलीचें केवळ नांव पत्त्याला चिकटून जातें. नकाशा घरींच राहतो!

ओझें नेते ती ‘पोस्ट’. अर्जाबरोबर फाइल धाडण्याची रीत झेरॉक्स कंपनींतील नेबेल व मासिंटर यांनीं नोव्हेंबर १९९५ मध्यें मांडली. एकाच गठ्ठ्यांत सारे कागद भरावयाचे आणि दोन कागदांमध्यें खुणेची अशी ओळ घालावयाची, कीं जी कोणत्याहि कागदांत आढळणार नाहीं.

आतां खरी अडचण. भामरागड-एटापल्लीकडील रानांत सिग्नल कधीं असतो, कधीं नसतो. समजा, गठ्ठा पोंचला, नोंद झाली, पण पोंच परत येतांना संपर्क तुटला. पाठविणाऱ्यानें पुन्हां बटण दाबलें. ‘पोस्ट’चा अर्थ बहुधा ‘हें घे व नवी नोंद कर’ असा असल्यामुळें एकाच जंगलावर दोन दावे उभे राहतात. कारकुनानें खरा कोणता मानावा? आणि तो निवाडा होईपर्यंत गांवानें थांबावयाचें!

‘पुट’ या आज्ञेचा अर्थ निराळा : ‘या पत्त्यावर हेंच ठेव.’ ती दहादां दिली तरी त्या जागीं कागद एकच राहतो. मात्र अर्जाच्या साध्या पानाला ‘गेट’ व ‘पोस्ट’ एवढ्याच आज्ञा ठाऊक. ‘पुट’साठीं पानांत वेगळी आज्ञावली लिहावी लागते. तो त्रास घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे. प्रथम छोट्या ‘पोस्ट’नें दाव्याला क्रमांक घ्यावा, मग त्या क्रमांकाच्या पत्त्यावर एकेक कागद ‘पुट’नें ठेवावा. पोंच हरवून एखादा क्रमांक रिकामा पडला तरी कोणाचें नुकसान होत नाहीं. नकाशा मोठा असेल, तर त्याचे क्रमवार तुकडे करावे. म्हणजे सिग्नल गेल्यावर सारा नकाशा पुन्हां न धाडतां राहिलेला तुकडाच तेवढा धाडावा लागेल.