एक सीडी, वाचक अनेक

१९८०च्या दशकात वैद्यकीय ग्रंथालयांत संदर्भ शोधण्याची रीतच बदलली. वैद्यकीय संशोधनाच्या नोंदींचा प्रचंड साठा असलेली ‘मेडलाइन’ ही अमेरिकी सूची सिल्व्हरप्लॅटरसारख्या कंपन्यांनी सीडीवर आणली. एका चकतीवर सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावू लागला. पण ड्राइव्ह एक आणि ती वापरू पाहणारे अनेक! नेटवर्कवरून एकच सीडी सर्वांना कशी द्यायची, या प्रश्नाला तीन उत्तरं मिळाली.

पहिलं उत्तर टॉवर. एकाच पेटीत एकावर एक ड्राइव्ह. ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या जुन्या ‘स्कझी’ केबलवर आठ पत्ते असत. त्यांतला एक कंट्रोलरला गेला की उरत सात. प्रत्येक चकतीला स्वतःची ड्राइव्ह मिळाल्यामुळे ती बदलण्याचा व्याप नसे. अडचण वेगळीच होती. ड्राइव्हमध्ये लेझर एकच. दोघांनी एकाच चकतीचे दोन कोपरे मागितले की तो सारखा इकडून तिकडे धावतो. हार्ड डिस्कला जागा शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर सीडीला त्याच्या दसपट. पाच-सहा वाचक एकाच सीडीवर आले की सगळेच खोळंबतात.

दुसरं उत्तर ज्यूकबॉक्स. शेकडो चकत्या, मोजक्या ड्राइव्ह आणि चकती उचलून लावणारा यांत्रिक हात. अदलाबदलीत काही सेकंद जातात, म्हणून रोज लागणाऱ्या मजकुरासाठी हा मार्ग गैरसोयीचा. क्वचित उघडायच्या जुन्या दप्तरासाठी मात्र उत्तम. २०१४ मध्ये फेसबुकने याच तत्त्वावरचं एक कपाट दाखवलं होतं: १०,००० ब्लू-रे चकत्या आणि १ पेटाबाइट साठवण.

तिसरं उत्तर म्हणजे चकतीची हुबेहूब प्रत, अर्थात ‘इमेज’, सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर ठेवणं. मूळ सीडी कपाटात राहते आणि वाचकांना वेग हार्ड डिस्कचा मिळतो. १९९०च्या दशकात ५० सीडींसाठी लागणारी सुमारे ३२ गिगाबाइट जागा फार महाग पडे. आज १ टेराबाइटच्या एका डिस्कवर जवळपास १,५०० सीडी मावतात.

घरात एक-दोघांचीच गरज असेल, तर दुसऱ्या संगणकाची ड्राइव्ह शेअर करूनही भागतं. २००८ मध्ये सीडी ड्राइव्हशिवाय आलेल्या मॅकबुक एअरसाठी अ‍ॅपलने हीच सोय दिली होती. मात्र तिच्यावर गाण्यांच्या सीडी आणि चित्रपटांच्या डीव्हीडी चालत नसत.

यंत्रणा निवडताना आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रत्येक चकतीला वेगळं ड्राइव्ह-अक्षर लागत असेल, तर झेडपर्यंत येऊन गाडी अडते. म्हणून सगळ्या चकत्या एकाच फोल्डरखाली दिसायला हव्यात. दुसरं, फाइलींची नावं देवनागरीत असतील, तर सर्व्हरला ‘जोलिएट’ ही पद्धत वाचता आली पाहिजे, कारण १९८८च्या मूळ आयएसओ ९६६० मानकात देवनागरी बसत नाही. तिसरी गोष्ट परवान्याची. अनेक प्रकाशक एका वेळच्या वाचकसंख्येनुसार वेगळं शुल्क घेतात, आणि प्रत करण्याची परवानगीही तपासावी लागते.

रोजच्या वापराच्या शाळा-महाविद्यालयीन ग्रंथालयाला आज तिसरा मार्गच परवडतो. घरी किंवा कार्यालयात ‘राइट’ केलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो. म्हणून कपाटातल्या अशा सीडी आधी काढा आणि त्या वाचता येताहेत तोवर त्यांच्या इमेज करून घ्या.