उन्हाळ्यात कोंबड्यांच्या खाद्यात औषधी वनस्पतींचा वापर

कुक्कुटपालन हा शेतीला जोडधंदा म्हणून चांगला असला तरी मार्च ते जून हे चार महिने कुक्कुटपालकाची परीक्षा पाहणारे असतात. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि काही वेळा त्याही वर जातो. अशा वेळी प्रथम मरतात ते वजनदार पक्षी, म्हणजेच विक्रीला आलेल्या पाच-सहा आठवड्यांच्या मांसल कोंबड्या. त्यांच्यावर खाद्याचा जवळजवळ सर्व खर्च होऊन गेलेला असतो. त्यामुळे एका दुपारची मरतूक संपूर्ण तुकडीचा नफा घेऊन जाते.

अलीकडे आवळा, अश्वगंधा, तुळस, हळद यांच्या भुकट्या खाद्यात मिसळण्याकडे कल वाढला आहे. त्यांचा उपयोग कितपत होतो, त्या कशा तयार कराव्यात व कोणत्या चुका टाळाव्यात, याची माहिती येथे दिली आहे.

उष्णतेचा ताण म्हणजे काय?

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात आणि अंगावर पिसांचे आवरण असते. बाहेरचे तापमान ३० ते ३२ अंशांपुढे गेले की चोच उघडून धापा टाकणे हाच उष्णता बाहेर टाकण्याचा तिचा मुख्य मार्ग उरतो. धापा टाकताना शरीरातील कार्बन डायऑक्साइड वायू जास्त प्रमाणात बाहेर जातो व रक्ताचा अल्कधर्मीपणा वाढतो. त्यामुळे कवच तयार होण्यास लागणारे कॅल्शियम रक्तातून पुरेसे मिळत नाही आणि अंडी पातळ कवचाची निघतात. पक्षी खाद्य कमी व पाणी जास्त घेतो. वाढ व अंडी उत्पादन घटते.

याच काळात शरीरातील पेशींना इजा करणारे घटक वाढतात आणि रोगप्रतिकारशक्ती कमी होते. कोंबडी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते, परंतु कडक उन्हाळ्यात ते गरजेपुरते तयार होत नाही. औषधी वनस्पतींचा उपयोग होतो तो येथेच.

उपयुक्त वनस्पती

१) आवळा : 'क' जीवनसत्त्वाचा हा उत्तम स्रोत आहे. त्यातील तुरट द्रव्येही पेशींचे रक्षण करण्यास मदत करतात. १०० किलो खाद्यात ५०० ग्रॅम भुकटी मिसळावी.

२) अश्वगंधा : मुळांतील विथॅनोलाइड्स या घटकांमुळे ताण सहन करण्यास मदत होते. प्रमाण १०० किलोस ५०० ग्रॅम. जाड मुळांना बाजारात चांगला भाव मिळतो. म्हणून ती विकावीत व प्रतवारीत मागे राहिलेल्या बारीक, निरोगी मुळ्या खाद्यासाठी वापराव्यात.

३) तुळस : पानांची भुकटी १०० किलोस २५० ते ५०० ग्रॅम.

४) हळद : भुकटी १०० किलोस २५० ते ५०० ग्रॅम.

चारही भुकट्या एकदम देऊ नयेत. एक किंवा दोन निवडाव्यात आणि एकूण प्रमाण १०० किलो खाद्यास १ किलोच्या वर नेऊ नये. आवळ्याचे प्रमाण वाढवल्यास त्यातील तुरट द्रव्यांमुळे प्रथिनांचे पचन कमी होते. म्हणजे जास्त दिले म्हणून जास्त फायदा होत नाही, उलट नुकसान होते.

तयारी हिवाळ्यातच करावी

आवळ्याची फळे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मिळतात, तर गरज मार्चनंतर लागते. फळे स्वच्छ धुवून स्टीलच्या चाकूने पातळ काप करावेत. लोखंडी विळ्याने काप काळे पडतात. काप स्वच्छ कापडावर सावलीत, हवेशीर जागी वाळवावेत. कडक उन्हात व जास्त उष्णतेत 'क' जीवनसत्त्व नष्ट होते. काप मोडताना कट्कन तुटले म्हणजे पुरेसे वाळले असे समजावे. ते घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून महिन्यापुरतीच भुकटी दळावी. साधारण सहा ते आठ किलो ताज्या फळांपासून एक किलो भुकटी मिळते.

उदाहरणार्थ, अंड्यावरील ५०० कोंबड्यांना रोज ११० ग्रॅमप्रमाणे ५५ किलो खाद्य लागते. त्यासाठी आवळा भुकटी रोज २७५ ग्रॅम, म्हणजे ९० दिवसांसाठी सुमारे २५ किलो लागेल. याकरिता दीड ते दोन क्विंटल ताजे आवळे लागतील. डागी पण न सडलेली फळे वापरल्यास खर्च कमी होतो.

भुकटी प्रथम चार-पाच किलो खाद्यात एकजीव करावी व नंतर ती संपूर्ण खाद्यात मिसळावी. कडक ऊन सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे सुरुवात करावी.

बुरशीपासून सावध

अर्धवट वाळलेल्या पाल्याला वा मुळ्यांना बुरशी लागते. बुरशीचे अफलाटॉक्सिन हे विष कोंबडीच्या यकृतावर घातक परिणाम करते. कुबट वास येणारी किंवा गोळे झालेली भुकटी कोंबड्यांना देऊ नये, ती नष्ट करावी.

सावली, पाणी व हवा प्रथम

वनस्पतींची भुकटी ही पूरक आहे. तापलेल्या पत्र्याखाली, पाण्यावाचून असलेल्या कोंबड्या कोणत्याही भुकटीने वाचत नाहीत. म्हणून पुढील कामे आधी करावीत.

१) पत्र्यांवर चुना मारावा अथवा तुराट्या, पाचट यांचे आच्छादन करावे.

२) पाण्याची भांडी वाढवावीत. टाकी व नळी सावलीत ठेवावी.

३) पक्ष्यांची गर्दी कमी करावी.

४) कोरड्या हवेत वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट बांधावे. कोकणासारख्या दमट हवेत त्याचा फायदा होत नाही, तेथे हवा खेळती ठेवण्यावर भर द्यावा.

५) खाद्य पहाटे व सायंकाळी द्यावे. खाल्ल्यानंतर चार ते सहा तासांनी शरीरात जास्त उष्णता निर्माण होते, म्हणून मांसल पक्ष्यांचे खाद्य सकाळी दहाच्या आत काढून घ्यावे.

आपल्या शेडमध्येच पडताळा घ्यावा

आतापर्यंतच्या प्रयोगांत या वनस्पतींचे परिणाम सर्वत्र सारखे आलेले नाहीत. म्हणून तयार मिश्रणावर मोठा खर्च करण्यापूर्वी एकाच वयाच्या पक्ष्यांचे दोन सारखे भाग करावेत. एका भागास भुकटी द्यावी, दुसऱ्यास देऊ नये. बाकी सर्व व्यवस्था सारखी ठेवावी. चार आठवडे खाद्य, अंडी, पातळ कवचाची अंडी, वजन व मरतूक यांची रोज नोंद ठेवावी. भुकटीचा खर्च वजा जाता फायदा दिसला तरच वापर पुढे चालू ठेवावा. पक्षी आजारी दिसल्यास मात्र भुकटीवर विसंबून न राहता पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

बांधावरचा आवळा व परसातील तुळस यांचा असा विचारपूर्वक उपयोग केल्यास, आणि त्याला सावली व पाण्याची जोड दिल्यास, उन्हाळ्यातील नुकसान कमी करण्यास निश्चित मदत होईल.