पायपेटीचा श्वास

बाजाची पेटी आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. भजनांत, कीर्तनांत, शाळेच्या प्रार्थनेंत तिचा सूर नित्य कानीं पडतो. ह्या हातपेटीच्या वादकाचा एक हात सदैव भात्यावर गुंतलेला असतो. परंतु तिची थोरली बहीण जी पायपेटी, किंवा ऑर्गन, तिला हवा पायांनीं द्यावयाची असते. म्हणून दोन्ही हात स्वरांकरितां मोकळे राहतात. ह्या सोयीचें मोल मात्र पायांना द्यावें लागतें. तें कसें, हें आज आपण पाहूं.

इस्लामपुराहून जवळच असलेली सांगली म्हणजे मराठी नाटकाचें माहेर. 1843 सालीं तेथें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. 1880 सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नें संगीत नाटकाचें युग उघडलें. 1911 सालच्या ‘मानापमाना’स चाली देणारे गोविंदराव टेंबे हे तर स्वतः नामांकित पेटीवादक होते. त्या काळीं ध्वनिक्षेपक नव्हते. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावयाचा, आणि तो श्वास घेई तेव्हां त्याच्या पाठीशीं सूर अखंड उभा राहावयाचा. हा आधार ऑर्गनवाल्याचे पाय देत असत.

आतां आंतील रचना पाहूं. पायांखालीं दोन पट्ट्या असतात व प्रत्येकीस एक लहान भाता जोडलेला असतो. लोहाराच्या भात्याप्रमाणें ते आळीपाळीनें चालतात. त्यांच्यापाशीं एक मोठा भाता असतो. त्यास स्प्रिंगा असल्यामुळें पावलांचे हिसके त्यांतच जिरतात, व पितळी जिभांवरून हवा एकसारखी वाहते. युरोपीय पद्धतीच्या वाद्यांत हवा बाहेर ढकलली जाते, तर अमेरिकन पद्धतीच्या वाद्यांत ती आंत ओढली जाते. पहिल्या प्रकारांत एक खुंटी ओढली कीं मोठा भाता बंद होतो, आणि पायाचा दाब सरळ जिभांवर पडतो. मग पाऊल हलकें तर सूर हलका, पाऊल भारी तर सूर भारी! दुसऱ्या प्रकारांत हेंच काम बहुधा गुडघ्यानें ढकलावयाच्या दांड्याकडे असतें.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे तबल्याच्या ठेक्यावर पाय मारणें. तसें केल्यास प्रत्येक मात्रेस सूर फुगतो व गाणें धापा टाकूं लागतें. पाय तालाला बांधावयाचा नसून श्वासाला बांधावयाचा असतो. दुसरी चूक अर्ध्या पावलाची. पट्टी तळापर्यंत सावकाश दाबावी, आणि एक पाय तळाशीं पोंचण्यापूर्वींच दुसऱ्यानें आरंभ करावा. तिसरी चूक म्हणजे हात जलद धावूं लागले कीं पायांनींही धावणें. परीक्षा सोपी आहे. एकच स्वर दाबून ठेवावा व जवळ उभ्या असलेल्या मित्रास डोळे मिटून ऐकावयास सांगावें. पाय केव्हां बदलला हें त्यास ओळखतां आलें नाहीं, तर साधलें म्हणावें.

पायांचें असेंच एक नवल अमेरिकेंतील पेडल स्टील गिटारींत आहे. तेथें आडव्या मांडलेल्या तारांवर वादक पोलादी कांडी सरकवितो, व पायानें पट्टी दाबली कीं ठराविक तारांचा स्वर चढतो किंवा उतरतो. अशी मींड पेटीच्या नशिबीं नाहीं. ह्याच उणिवेवर बोट ठेवून 1940 सालीं नभोवाणीनें पेटीस आपलें दार बंद केलें होतें. तें 1971 पासून पुन्हा हळूहळू उघडलें. परंतु स्वर वळवितां न आला तरी तो फुलवितां व मालवितां येतो, आणि ही कला सर्वस्वीं पायांची आहे.

आज विजेचीं वाद्यें आलीं आहेत. त्यांस श्वास द्यावा लागत नाहीं. त्यामुळें ऑर्गनाचा भाता फाटला तर तो शिवणाराही शोधावा लागतो आणि वाजविणाराही. वाद्य दुरुस्त होऊं शकतें. पण पायांतील विद्या एका पिढीनें दुसरीस दिली नाहीं, तर ती पुस्तकांतून परत मिळत नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रहो, एखाद्या प्रार्थनामंदिरांत किंवा जुन्या नाट्यगृहांत असा ऑर्गन धूळ खात दिसला, व तो जाणणारें कोणी वडील माणूस भेटलें, तर त्यांच्यापाशीं बसा. बोटें मागाहून शिकतील. आधीं पाय शिकूं द्या.