जैवसदृश औषधे आणि एकस्वसमाप्ती

जैवसदृश औषधे : सजीव पेशींकरवी तयार केलेल्या मूळ औषधाशी गुणवत्ता, सुरक्षितता व परिणामकारकता या बाबतींत जवळचे साम्य असलेली, परंतु दुसऱ्या उत्पादकाने बनविलेली औषधे. ॲस्पिरिनसारख्या लहान रेणूची हुबेहूब प्रतिकृती करता येते. मोठ्या प्रथिनाच्या बाबतीत ते शक्य नसते. कारण पेशींचा वाण व संवर्धनाची रीत यांनुसार त्याला जोडलेल्या शर्करांची मांडणी थोडीफार बदलते. हे सादृश्य तौलनिक चाचण्यांनी सिद्ध करावे लागते व त्यास मोठा खर्च येतो. त्यामुळे एकस्वाची (पेटंटची) मुदत संपताच उत्पादकांची रीघ लागते, हा साध्या औषधांचा अनुभव येथे तितकासा येत नाही.

संधिवाताभ संधिशोथावरील ॲडालिमुमॅब (व्यापारी नाव ‘ह्युमिरा’) या प्रतिपिंडाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अमेरिकेत त्यास डिसेंबर २००२ मध्ये मान्यता मिळाली. २०१० च्या कायद्याने मूळ जैव औषधास मान्यतेपासून दिलेले १२ वर्षांचे संरक्षण २०१४ अखेर, तर प्रमुख एकस्व २०१६ अखेर संपले. ॲमजेन कंपनीच्या जैवसदृशास त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मान्यताही मिळाली होती. तथापि ते तेथील बाजारात आले जानेवारी २०२३ मध्ये. मूळ औषधाच्या ॲबव्ही कंपनीने मिश्रण, मात्रा व उत्पादनपद्धती यांवर शंभरांहून अधिक एकस्वे मिळविली होती. त्यांपैकी प्रत्येकास न्यायालयात आव्हान देण्यापेक्षा स्पर्धकांनी तडजोड पत्करली. मुदत संपली ती एका एकस्वाची; मक्तेदारी मात्र सहा वर्षे टिकली, असे म्हणावे लागते.

यूरोपात ऑक्टोबर २०१८ मध्येच अनेक जैवसदृशे एकदम उपलब्ध झाली. रुग्णालयांची खरेदी निविदांद्वारे होत असल्याने काही देशांत किंमती झपाट्याने उतरल्या. अमेरिकेत ॲमजेनने एकाच औषधाच्या दोन किंमती ठेवल्या : एक मूळ किंमतीहून ५५ टक्क्यांनी, दुसरी केवळ ५ टक्क्यांनी कमी. या विचित्र व्यवस्थेचे कारण असे, की विमायोजनांची औषधसूची ठरविणाऱ्या मध्यस्थांना मोठ्या छापील किंमतीवर मोठी सूट मिळते. परिणामी पहिल्या वर्षी जैवसदृशांचा वाटा अत्यल्प राहिला. एप्रिल २०२४ मध्ये एका मोठ्या मध्यस्थाने मूळ औषध प्रमुख सूचींतून वगळल्यावर तो वाढू लागला.

एकस्व देशापुरते मर्यादित असते. भारतात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने ॲडालिमुमॅबचे जैवसदृश डिसेंबर २०१४ मध्येच, म्हणजे अमेरिकेतील विक्रीच्या आठ वर्षे आधी, बाजारात आणले होते.