धोट्याचा माग आणि रॅपियर

भिवंडीच्या शांतीनगरात किंवा गैबीनगरात शिरलं की कारखाना दिसण्याआधी त्याचा खडखडाट कानावर येतो. हा आवाज धोट्याचा. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असलेला, पोटात सुताची कांडी बसवलेला लाकडी तुकडा. साधा यंत्रमाग त्याला मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकतो. बाण्याचा, म्हणजे कापडातला आडवा, धागा केसासारखा बारीक, पण तो पलीकडे न्यायला पाव-अर्धा किलोचं लाकूड हाणावं लागतं. मागाची बरीच ताकद त्याला फेकण्यात आणि अडवण्यात जाते. नेम चुकला तर धोटा मागाबाहेर उडतो, समोर कोण उभं आहे हे तो बघत नाही.

या मागाचं घराणं एकोणिसाव्या शतकातल्या लँकेशायरचं. मुंबईच्या गिरण्यांत तो रुळला, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरण्या बंद पडल्या तेव्हा कापडाचं बरंच काम भिवंडीकडे वळलं. गिरण्यांनी काढून टाकलेले मागही इथल्या पत्र्याच्या शेडांत येऊन चालू लागले. भिवंडी वाढली ती याच जुन्या लोखंडावर.

रॅपियर या नव्या मागात धोटाच नाही. बाणा थेट सुताच्या कोनावरून (शंकूच्या आकाराच्या रिळावरून) येतो. एका बाजूची पट्टी त्याचं टोक चिमटीत धरून ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, मधोमध आणते, तिथे दुसऱ्या बाजूची पट्टी ते पकडून पलीकडे ओढून नेते. फेकाफेक नाही म्हणून वेग साध्या मागाच्या दुप्पट-तिप्पट, चांगल्या यंत्रावर त्याहूनही जास्त. शेडमध्ये गोंगाट असतोच, पण धोट्याचा तो ठोका नसतो.

तरी माझ्या मते वेग हा दुय्यम फरक. खरा फरक तुटलेला धागा कोणाला आधी दिसतो, यात आहे. ताण्यात हजारो धागे असतात. साध्या मागावर त्यातला एक तुटला तरी माग आपला चालूच राहतो, आणि कापडात उभी रेघ पडत जाते. ती कामगाराच्या नजरेनेच पकडायची. असे चार-सहा, कधी आठ माग एका माणसाकडे, पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. शिवाय दर थोड्या वेळाने रिकामी कांडी काढून भरलेली घालायची. रॅपियरवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पत्तीचा ड्रॉपर असतो. धागा तुटला की ड्रॉपर खाली पडतो, वीजजोड होतो, माग थांबतो. राखण यंत्र करतं, माणूस फक्त गाठ मारायला येतो.

मग जुना माग अजून टिकून कसा? त्याची किंमत केव्हाच वसूल झालेली असते. मोडलेला भाग जवळच्या लेथवर घडवून मिळतो, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, पान्याने दुरुस्ती करतो. रॅपियरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं की बाहेरच्या माणसाची वाट बघायची आणि तोवर कर्जाचा हप्ता भरत राहायचा. कापडाची किनारही धोट्याची सुबक: बाणा वळून परत येतो, म्हणून कड आपोआप बंद होते. रॅपियरवर प्रत्येक बाणा कापला जातो. कडेला झालर राहते, ती वेगळ्या धाग्याने बांधावी लागते, आणि तेवढं सूत वाया जातं.

या दोहोंमधली एक वाट आहे, आणि मला ती मनापासून पटते. साध्या मागालाच ड्रॉपर, बाण्याचा धागा तुटल्यावर थांबवणारी यंत्रणा आणि चांगला ब्रेक बसवायचा. त्यासाठी केंद्राचं अनुदान होतं. १ एप्रिल २०१७ रोजी ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना भिवंडीतच जाहीर झाली, त्यातही ते होतं. ज्याच्याकडे आठ-दहाच माग आहेत, त्याला रॅपियरच्या कर्जात उतरवण्यापेक्षा हे जास्त शहाणपणाचं. मात्र अशा मागावरही धोटा उडतोच. म्हणून ड्रॉपरबरोबर धोटा अडवणारी जाळीही सक्तीची हवी. ती स्वस्त असते, आणि नसली तर एखाद्याचा डोळा जातो.

गेल्या काही वर्षांत इथले हजारो साधे माग वजनावर भंगारात गेले, आणि त्यांच्या जागी सगळीकडे रॅपियर आले असं नाही. कुठे गोदामं उभी राहिली. जिथे रॅपियर आले तिथे कांडीचं काम संपलं. कांड्या भरणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि नव्या यंत्रासाठी कर्ज-अनुदानाचे जे कागद होतात, त्यांत त्यांच्यासाठी एकही रकाना नसतो.