फिरते केंद्र, लाकूड लेथचे

लाकूड कातण्याच्या लेथवर कामाचे मागील टोक तोलून धरणारे आणि कामाबरोबर स्वतःही फिरणारे टोकदार साधन. ते टेलस्टॉकमधील पुढेमागे सरकणाऱ्या पोकळ दंडात बसविलेले असते. या दंडाला क्विल म्हणतात. जुन्या यांत्रिकी ग्रंथांत ‘जिवंत केंद्र’ ही संज्ञा हेडस्टॉकमधील, चालक दंडाबरोबर फिरणाऱ्या केंद्राला लावलेली आढळते. तेव्हा टेलस्टॉकमधील केंद्र स्थिर असे व त्याला ‘मृत केंद्र’ म्हणत. पुढे टेलस्टॉकमध्येही फिरते केंद्र वापरात आले व जुने नाव त्याला चिकटले.

भारतातील कातारी पूर्वापार दोरीने वा कमानीने फिरविण्याचा लेथ वापरीत आले. त्यात काम दोन स्थिर लोखंडी टोकांमध्ये धरलेले असून ते आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरते. गती मंद असल्याने टोकाला थोडे तेल वा मेण पुरते. विजेच्या लेथवर बारीक काम मिनिटाला २,००० फेऱ्यांहून अधिक वेगाने फिरवितात. अशा वेगाला स्थिर टोकाशी घासून लाकूड करपते, खळगा मोठा होतो व काम सैल पडते. फिरत्या केंद्रात टोक व बूड यांच्यामध्ये धारवे म्हणजे बेअरिंग असल्याने ही घासण टळते. टोक ६०° कोनाच्या शंकूचे असते किंवा भोवती कडे असलेल्या वाटीसारखे असते. वाटीचे टोक दाब पसरविते, त्यामुळे मऊ लाकूड चिरत नाही.

झीज होते ती मुख्यतः धारव्यांची. केंद्र तापणे, घरघरणे, टोक बोटांनी हलविल्यास खुळखुळणे ही तिची लक्षणे होत. टेलस्टॉकचे चाक गरजेपेक्षा जास्त आवळण्याची सवय हे झिजेचे एक मोठे कारण असते. त्याच दाबाने बारीक काम मध्ये वाकून थरथरूही लागते. सैल केंद्रावर काम चालू ठेवणे धोक्याचे असते, कारण हत्यार अडकताच काम सुटून कारागिराच्या अंगावर येऊ शकते.

केंद्राचे बूड निमुळते असते. हा निमुळतेपणा बहुधा मोर्स मालिकेतील असून लहान लेथवर क्रमांक १ व मध्यम लेथवर क्रमांक २ आढळतो. क्रमांक २ च्या बुडाचा मोठ्या टोकाकडील व्यास १७·७८ मिमी. असतो व तो दर २० मिमी. लांबीस सुमारे १ मिमी. कमी होत जातो. उतार इतका मंद असल्याने केवळ घर्षणाने बूड खोबणीत पक्के धरले जाते. स्क्रू वा खीळ लागत नाही. काढताना अडचण येते तीही याच गुणामुळे.

बहुतेक लेथमध्ये टेलस्टॉकचे चाक उलटे फिरवून क्विल पूर्ण मागे घेतले की आतील स्क्रूचे टोक बुडावर टेकते व केंद्र सुटते. शेवटच्या वळशाला चाक जड जाते व केंद्र एकाएकी निसटते, म्हणून ते दुसऱ्या हाताने धरावे लागते. बूड आखूड असल्यास स्क्रू पोहोचत नाही. अशा वेळी किंवा आरपार पोकळ टेलस्टॉकमध्ये मागून दांडी घालून हलके ठोकतात. अडकून बसलेल्या केंद्राला झिरपणारे तेल लावून रात्रभर ठेवतात. तेवढ्याने भागले नाही, तर क्विल बाहेरून किंचित ऊन करतात; आच केंद्राला लागू देत नाहीत, नाहीतर धारव्यातील वंगण वितळते. पाइप पान्याने पिळणे किंवा बाजूने हातोडा मारणे हा सर्वांत घातक उपाय होय. केंद्र तसेही टाकायचेच असते, पण पिळताना बूड फिरले तर खोबणीला ओरखडे पडतात आणि त्यानंतर कोणतेही नवे केंद्र तिच्यात नीट बसत नाही.

नवे केंद्र बसविण्यापूर्वी खोबणीतील भुसा व राळ रॉकेलने भिजविलेल्या फडक्याने पुसून ती कोरडी करतात. बूडही कोरडेच ठेवतात, कारण तेलामुळे पकड कमी होते. भुशाचा एक कण मध्ये राहिला तरी टोक तिरके होते. केंद्र हाताने झटक्यात दाबून बसवितात. हातोड्याची गरज नसते.

यानंतर टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही केंद्रांची टोके समोरासमोर आणतात. ती जुळली नाहीत तर लगेच टेलस्टॉकला दोष देणे बरोबर नाही. फिरते केंद्र हाताने सावकाश फिरवून पाहतात. टोक लहानसे वर्तुळ काढीत असेल, तर दोष केंद्रात असतो. टोक जागच्या जागी फिरत असूनही बाजूला राहत असेल, तर बूड तिरके बसलेले असते किंवा टेलस्टॉक सरकलेला असतो. म्हणून प्रथम खोबण पुन्हा पुसून पाहतात.

खोबणीत उंचवटे आले असतील, तर त्याच क्रमांकाचे निमुळते रीमर हाताने फिरवून तेवढेच उंचवटे काढतात. अधिक कातल्यास बूड जास्त आत जाते आणि क्विल मागे घेताना केंद्र अपेक्षेपेक्षा आधी सुटू लागते. खोल चरे पडल्यास क्विलच बदलावे लागते व जुन्या लेथसाठी ते मिळविणे केंद्राइतके सोपे नसते.