बिस्तारै, बिस्तारै!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी सह्याद्रीतील एखादा तरी किल्ला चढून पाहिला असेल. काहींनी कळसूबाईचा माथाही गाठला असेल. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. पहाटे पायथ्याहून निघावे, तीन-चार तासांत वर पोहोचावे आणि दुपारी खाली येऊन भाकरी खावी, असा आपला शिरस्ता. जो झपाझप चढेल तो पटाईत! हाच हिशेब मनात धरून हिमालयात गेलात, तर मात्र फसाल. कसे ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठ जण नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंतच्या पदभ्रमणाला निघालो होतो. बरोबर एक शेर्पा वाटाड्या होता. त्याला आम्ही ‘दाई’ म्हणत असू. नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ. काठमांडूहून छोट्या विमानाने आम्ही लुक्ला येथे उतरलो. लुक्ल्याची उंची सुमारे २८५० मी. पहिल्या दिवशी दाईने आम्हांला वर नेण्याऐवजी खाली, २६१० मी. उंचीवरील फाकदिंगला मुक्कामास नेले! दुसऱ्या दिवशी आम्ही ३४४० मी. उंचीवरील नामचे बाजार या गावी पोहोचलो. तेथे त्याने सांगितले, “उद्याही मुक्काम इथेच.”

मंडळी चुळबुळ करू लागली. कोणाचे पाय दुखत नव्हते, आभाळ स्वच्छ होते. मग एक दिवस फुकट का घालवायचा? दाई हसला आणि म्हणाला, “बिस्तारै, बिस्तारै.” म्हणजे सावकाश, सावकाश.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वातावरणाच्या दाबावरची उदाहरणे फळ्यावर कितीदा सोडवली असतील, त्याची गणती नाही. त्या संध्याकाळी तीच आकडेमोड वहीत मांडली, तेव्हा दाईच्या शब्दांचा अर्थ उलगडू लागला.

फुफ्फुसातील हिशेब

आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिमी. उंच स्तंभाइतका असतो. वर जावे तसतशी आपल्या डोक्यावरची हवा कमी होते व दाबही उतरतो. कळसूबाईवर तो सुमारे ६२० मिमी. भरतो, नामचेला सुमारे ५०० मिमी. आणि ५३६४ मी. उंचीवरील तळछावणीत सुमारे ४०० मिमी.

पुष्कळांची अशी समजूत असते, की उंचावरील हवेत ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण कमी असते. ते खरे नव्हे. शंभर भाग कोरड्या हवेत सुमारे २१ भाग ऑक्सिजन, हे प्रमाण तेथेही तेच असते. मात्र एकूण दाब उतरल्यामुळे ऑक्सिजनच्या वाट्याला येणारा दाबही उतरतो, आणि फुफ्फुसातून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो याच दाबाच्या जोरावर.

येथे आणखी एक गंमत आहे. श्वासाबरोबर आत गेलेली हवा ओलसर होते. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असते आणि या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिमी. असतो. तुम्ही मुंबईत असा की हिमालयात, वाफ आपला हा वाटा सोडत नाही! तेव्हा उरलेल्या दाबातून ऑक्सिजनचा वाटा काढू.

समुद्रसपाटीला: (७६० − ४७) × ०.२१ = सुमारे १५० मिमी.
तळछावणीत: (४०० − ४७) × ०.२१ = सुमारे ७४ मिमी.

पाहा, बाहेरचा दाब निम्म्याहून थोडा अधिक शिल्लक असला, तरी श्वासातील ऑक्सिजनचा दाब निम्म्याच्याही खाली आला.

शरीराला वेळ लागतो

एवढ्या तुटवड्यातही माणूस तेथे चालतो, जेवतो, झोपतो, कारण शरीर नव्या परिस्थितीशी जुळवून घेते. पहिला उपाय म्हणजे जोराने श्वास घेणे. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो व रक्त किंचित अल्कधर्मी बनते. तसे झाले की शरीर श्वासाला लगाम घालू पाहते. जादा अल्क मूत्रावाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात, पण त्याला काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात.

म्हणून गिर्यारोहकांनी एक नियम घालून घेतला आहे. ३००० मी.च्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची फार तर ५०० मी.नी वाढवावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा. त्या जादा दिवशी थोडे उंच चढून परत खाली येऊन झोपावे. नामचेला दाईने आम्हांला ३८०० मी.च्या वर चढवून संध्याकाळी पुन्हा गावात आणले, ते याचसाठी.

आणि एक लक्षात ठेवा. पायांतील बळाचा या जुळवणीशी फारसा संबंध नाही. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि शरीराला सवड देत नाही.

लपवलेली डोकेदुखी

आमच्यात सर्वांत दणकट असा एक तरुण होता. सुमारे ४९०० मी. उंचीवरील लोबुचे येथे तो माझ्याच खोलीत होता. रात्री तो म्हणाला, “सर, डोके फार दुखते आहे. पण दाईला सांगू नका. तो मला मागे ठेवील.” मी त्याला डोकेदुखीची गोळी दिली आणि गप्प बसलो. ज्याने नामचेला वहीत हिशेब मांडला, तोच मी!

सकाळी त्याने चहाही घेतला नाही. दाईने त्याला जमिनीवरच्या एका सरळ रेषेवर, टाचेला बोट लावून चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तोल गेला. दाईने आणखी काही विचारले नाही. मदतनिसाला आणि मला बरोबर देऊन त्याने त्या तरुणाला त्याच क्षणी खाली धाडले. तोल जाणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते. अशा वेळी आणखी वर जाणे, किंवा तेथेच पडून राहणे, जिवावर बेतू शकते. खाली फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र आहे. तेथील डॉक्टरांनी त्याला तपासले, ऑक्सिजन दिला. पाचशे-सहाशे मीटर उतरलो होतो तेवढ्यानेच त्याचा चेहरा पालटला होता. दुसऱ्या दिवशी त्याने डाळभात मागून घेतला. तळछावणी आम्हां दोघांनाही दिसली नाही.

स्वतःला काय होते आहे हे स्वतःलाच कळेल, या भरवशावर का राहू नये, याचे एक जुने उदाहरण आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये तीन शास्त्रज्ञ ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून ८००० मी.च्याही वर गेले. ऑक्सिजनच्या पिशव्या हाताशी होत्या. पण नळी तोंडाशी न्यावी इतकेही बळ हातात उरले नाही. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल मरण पावले. वाचलेल्या तिसांदिए यांनी लिहून ठेवले आहे, की त्या वेळी वेदना मुळीच जाणवत नव्हती. उलट मन प्रसन्न होते! ऑक्सिजन कमी पडला की सर्वांत आधी फसतो तो आपला विचार. म्हणूनच आपल्याकडे पाहणारा दुसरा डोळा लागतो. वाटाड्या केवळ वाट दाखवायला नसतो.

मित्रांनो, पुढे-मागे तुम्ही हिमालयात जालच. त्याआधी आपल्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा, तेथील हवेचा दाब शिक्षकांना विचारा आणि वरचा हिशेब स्वतः करून पाहा. मग डोंगरात रोज संध्याकाळी वाटाड्या विचारील, “डोके दुखते का?” त्याला खरे उत्तर द्या. शेजारच्याचे दुखत असेल आणि तो गप्प असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा. मी ते सांगितले नव्हते.